विमा पॉलिसीवर नॉमिनी लावताना: एका रकान्याचं काम नीट कसं करायचं

पॉलिसी लग्नाच्या तीन वर्षं आधीची होती. नॉमिनीच्या रकान्यात आईचं नाव. आई जाऊन सहा वर्षं झाली होती आणि आता मुलगाही गेला होता. त्याची बायको माझ्यासमोर बसली होती. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, तीत पॉलिसीचा बाँड, मृत्यूचा दाखला, दोन आधार कार्डं आणि सात वर्षांच्या मुलीचा बोनाफाइड. हप्ता एकही चुकलेला नव्हता. तरीसुद्धा पैसे हातात यायला न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र आणावं लागलं. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, तारखा, वकिलाची फी, असे जवळजवळ दहा महिने गेले. मुलीच्या वाट्याची रक्कम न्यायालयाच्या आदेशाने मुदत ठेवीत गेली, म्हणजे शाळेच्या फीसाठी त्यातला रुपयाही लगेच मिळाला नाही.

त्या फॉर्मवरचं अक्षर माझं नव्हतं. पण तशी नावं मीही खूप लिहिली आहेत. अविवाहित मुलगा समोर बसला की नॉमिनी आई, हे इतकं ठरलेलं असायचं की आम्ही विमा प्रतिनिधी दुसरा प्रश्नच विचारत नसू. प्रपोजल फॉर्मवर सगळ्यात कमी वेळ जातो तो याच रकान्यावर, आणि माणूस गेल्यावर सगळं घर येऊन अडतं तेही इथेच. म्हणून हे काम कसं करायचं, ते क्रमाने लिहितो आहे.

आधी समजून घ्या: नॉमिनी म्हणजे मालक की नुसता हमाल?

विमा कायदा १९३८ सालचा. त्याचं कलम ३९ नामनिर्देशनाचं. शरबती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं होतं की नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा हात आहे, पैसे मात्र वारसांचे. हा निकाल १९८४ च्या निकालपत्रांत छापलेला आहे. त्या प्रकरणात पत्नी नॉमिनी होती, आणि तरीही नवऱ्याच्या आईचा हिस्सा मान्य झाला. पुढची तीस वर्षं सगळा व्यवहार याच नियमावर चालला.

२०१५ च्या दुरुस्तीने चित्र बदललं. स्वतःच्या आयुष्यावरच्या पॉलिसीत आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलं यांपैकी कुणाला नॉमिनी केलं असेल, तर ती व्यक्ती त्या रकमेची लाभधारक मानली जाते. भाऊ, बहीण, पुतण्या, मामा या यादीत नाहीत. भावाला नॉमिनी केलंत तर भाऊ पैसे घेईल, पण ते वारसांना द्यायची जबाबदारी त्याच्यावर राहील. तो देईल का, कधी देईल, हा पुढे घराघरांतल्या भांडणाचा विषय होतो.

इथे एक खबरदारी. ‘आता नॉमिनीच मालक’ असं सरसकट सांगितलं जातं, त्यावर विसंबू नका. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे २०२५ मध्ये एक प्रकरण आलं. मुलाने लग्नाआधी पॉलिसी घेऊन आईला नॉमिनी केलं होतं. पुढे लग्न झालं, मूल झालं, नाव बदललं नाही, आणि २०१९ मध्ये तो गेला. वारस हक्क सांगत असतील तर नव्या कलमामुळे वारसा कायदा बाजूला पडत नाही, असं म्हणत न्यायालयाने आई, पत्नी आणि मूल यांना सारखे वाटे दिले. शेअर आणि म्युच्युअल फंडांचंही तसंच. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं की शेअरचा नॉमिनी नामनिर्देशनामुळे मालक होत नाही.

मी यातून एकच काढतो: नॉमिनी आणि मृत्युपत्र यांची तोंडं एका दिशेला असली पाहिजेत. एकावर एक नाव आणि दुसऱ्यावर दुसरं, म्हणजे वकिलाची सोय.

अमेरिकेतून परत आलेल्या आपल्या लोकांना हे खास सांगावं लागतं. तिथे पॉलिसीवर लिहिलेला लाभार्थी साधारणपणे थेट हक्कदार होतो आणि मृत्युपत्राने त्यात फरक पडत नाही. इथे मृत्युपत्रानेही नामनिर्देशन बदलता येतं.

पायरी १: घरातल्या सगळ्या पॉलिसी एका कागदावर आणा

एलआयसीची पिवळी पडलेली पाकिटं काढा, पण तेवढ्यावर थांबू नका. विमा बऱ्याच ठिकाणी लपलेला असतो. नोकरीच्या ठिकाणचा ग्रुप इन्शुरन्स. भविष्य निर्वाह निधीला जोडलेली ईडीएलआय योजना, जिच्यात ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापले जाणारी प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना, २ लाखांची. गृहकर्जासोबत बँकेने काढायला लावलेली पॉलिसी. पतसंस्थेचा किंवा सोसायटीचा सभासद विमा.

प्रत्येकीसमोर चार गोष्टी लिहा: पॉलिसी क्रमांक, रक्कम, नॉमिनीचं नाव, आणि ते नाव कोणत्या वर्षी लावलं. चौथी गोष्ट सगळ्यात जास्त बोलते. लग्न, मुलाचा जन्म, घटस्फोट, कुणाचा मृत्यू यांच्या आधीचं वर्ष दिसलं की तिथे खूण करा.

एक फरक लक्षात राहू द्या. भविष्य निर्वाह निधीत लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन लग्न झाल्यावर रद्द ठरतं. आयुर्विम्यात तसं होत नाही. लग्न झालं, घटस्फोट झाला, तरी जुनं नाव तसंच राहतं, तुम्ही स्वतः बदलेपर्यंत. घटस्फोट होऊन दहा वर्षं झाली आणि पॉलिसीवर अजून पहिल्या पत्नीचंच नाव, अशी फाइल मी पाहिली आहे. दुसऱ्या पत्नीला ते दाव्याच्या वेळी कळलं.

पायरी २: तुम्ही उद्या नसलात तर कायदा पैसे कुणाला देईल?

नॉमिनी नसेल किंवा तुमच्या आधी गेला असेल, तर रक्कम वारसांकडे जाते. हिंदू पुरुषाच्या बाबतीत पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि आई, सगळ्यांना सारखा वाटा. आधी वारलेल्या मुलाच्या कुटुंबाचाही हक्क असतो. वडील मात्र या वर्गात नाहीत. निवृत्त वडील तुमच्याच पगारावर अवलंबून असतील तर कायदा आपोआप त्यांच्यासाठी काही ठेवत नाही.

विवाहित हिंदू स्त्रीची स्वकमाईची मालमत्ता आधी नवरा आणि मुलांकडे जाते. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांकडे, आणि तिचे स्वतःचे आई-वडील त्यानंतर येतात. मूलबाळ नसलेल्या, नोकरी करणाऱ्या, माहेरच्या आई-वडिलांना सांभाळणाऱ्या बाईने तर हे वाचून त्याच आठवड्यात नामनिर्देशन आणि मृत्युपत्र करावं. मी हे कळकळीने लिहितो आहे. कारण अशा घरात आई-वडिलांचं दुःख आणि रिकामे हात, दोन्ही मी एकदमच पाहिले आहेत.

मुस्लिम कुटुंबांत वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही. गोव्यातल्या वाचकांसाठी हिशेब आणखी वेगळा: लग्नाच्या वेळी वेगळा करार नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते, आणि मुलं किंवा आई-वडील असताना मृत्युपत्राने आपल्या वाट्यातल्या निम्म्याचीच व्यवस्था करता येते. तिथे नामनिर्देशन करण्याआधी स्थानिक वकिलाला विचारा.

पायरी ३: नावं आणि टक्के ठरवा

एकापेक्षा जास्त नॉमिनी चालतात, प्रत्येकासमोर टक्केवारी लिहिता येते. पत्नी ६०, आई ४०, असं स्पष्ट. सासू-सुनेचं आज कितीही पटत असलं तरी ‘दोघी समजून घेतील’ या भरवशावर एकीचंच नाव लावू नका. माणूस गेल्यानंतरच्या तेरा दिवसांत घरात कोण कोण येऊन काय काय सांगून जातं, ते तुम्ही बघायला नसता.

अनेकांपैकी एखादा नॉमिनी तुमच्या आधी गेला तर रक्कम उरलेल्यांना मिळते. लाभधारक नॉमिनी तुमच्यानंतर पण पैसे हाती येण्यापूर्वी गेला, तर त्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. आई आणि पत्नी दोघींची नावं असलेल्या घरात या दुसऱ्या नियमामुळे आईचा वाटा तिच्या इतर मुलांपर्यंत पोचू शकतो. तुम्हाला ते हवं आहे का, याचा विचार आत्ताच करा.

आता नावाबद्दल, कारण सगळ्यात जास्त दावे इथे रखडतात. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. पॉलिसीवर ‘सौ. सुनंदा’, आधारवर माहेरचं ‘मंगल’, बँकेत तिसरंच काही. गावात सगळ्यांना ठाऊक असतं की मंगल म्हणजेच सुनंदा, पण दावा तपासणाऱ्याला कागद लागतो. म्हणून नॉमिनीचं नाव तिच्या आधार आणि बँक पासबुकवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर लिहा. सौ., श्रीमती, ताई, राव हे सगळं वगळा. नाव बदललेलं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली प्रसिद्धी पॉलिसीच्या पाकिटातच ठेवा. नातं लिहिताना ‘नातेवाईक’ लिहू नका. पत्नी, मुलगी, आई असं लिहा. लाभधारक ठरायचं की नाही ते त्या शब्दावर अवलंबून आहे.

पायरी ४: नॉमिनी लहान असेल तर अपॉइंटी

अठरा वर्षांखालच्या मुलाला नॉमिनी करता येतं, पण त्याच्या वतीने पैसे घेणारी सज्ञान व्यक्ती नेमावी लागते. तिला अपॉइंटी म्हणतात आणि तिची फॉर्मवर संमतीची सही लागते. मूल अठराचं झालं की तिचं काम संपतं. अपॉइंटी मालक नाही, पण तोपर्यंत पैसे तिच्या हातात असतात. म्हणून घरातला सगळ्यात मोठा माणूस म्हणून नाव घालू नका. कर्जात बुडालेला काका वयाने मोठा असला तरी नको.

रक्कम मोठी असेल, एक कोटीचा टर्म प्लॅन (बचत नसलेला, मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) असेल, तर मूल एकटं नॉमिनी ठेवण्यापेक्षा पत्नीला नॉमिनी करून मुलांची तजवीज मृत्युपत्रात लिहिणं मला जास्त सुरक्षित वाटतं. अठराव्या वाढदिवसाला एवढी रक्कम एकरकमी हातात पडणं कुणाच्याच भल्याचं नाही.

मूल गतिमंद, स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेलं असेल तर अठरानंतरही ते व्यवहार करू शकेलच असं नाही. अशा मुलाचं नाव सरळ नॉमिनी म्हणून लावलं तर दाव्याच्या वेळी पालकत्वाचा आदेश मागितला जातो. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. तुम्ही धडधाकट असतानाच ते करा. रक्कम मोठी असेल तर मुलासाठी खासगी ट्रस्ट करून मृत्युपत्राने पैसे तिकडे वळवण्याबद्दल वकिलाशी बोला.

पायरी ५: धंदा असेल, कर्जं असतील तर १८७४ चा कायदा

व्यापारी, कंत्राटदार, दुसऱ्यांच्या कर्जाला जामीन राहिलेले लोक यांनी हा भाग नीट वाचावा. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा, १८७४ याच्या कलम ६ खाली विवाहित पुरुष स्वतःच्या आयुष्यावर पत्नीच्या किंवा मुलांच्या लाभासाठी पॉलिसी घेऊ शकतो. अशी पॉलिसी म्हणजे कायद्याने आपोआप तयार झालेला ट्रस्ट. कर्ज देणाऱ्यांना त्या रकमेला हात लावता येत नाही. अपवाद एकच: देणी बुडवण्याच्या हेतूनेच हप्ते भरल्याचं सिद्ध झालं तर.

त्याची किंमतही समजून घ्या. हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं, जुन्या पॉलिसीला जोडता येत नाही. वेगळं पुरवणी पत्रक असतं, त्यात लाभार्थी, त्यांचे वाटे आणि विश्वस्त लिहायचे. विश्वस्त लिहिला नाहीत तर पैसे सरकारी अधिकृत विश्वस्ताकडे जातात, म्हणून ती जागा रिकामी सोडू नका. एकदा लिहिलेली नावं बदलता येत नाहीत, पुढे घटस्फोट झाला तरीही. पॉलिसीवर तुमची सत्ता राहत नाही. सरेंडर करायची, म्हणजे मुदतीआधी मोडून पैसे घ्यायचे असोत, की तिच्यावर कर्ज काढायचं असो, लाभार्थ्यांना डावलून काही करता येत नाही. मुदतपूर्तीचे पैसेसुद्धा त्यांचेच. म्हणून मी हे शुद्ध टर्म प्लॅनसाठीच सुचवतो, बचतीच्या पॉलिसीसाठी नाही.

पायरी ६: पॉलिसी कुठे तारण आहे का ते पाहा

पॉलिसी दुसऱ्याच्या नावे असाइन केली की नामनिर्देशन आपोआप रद्द होतं. मात्र कर्जासाठी असाइन केली असेल तर २०१५ नंतर नॉमिनी पुसला जात नाही: बँक आपली बाकी घेते, उरलेलं नॉमिनीला मिळतं. कर्ज फिटल्यावर मात्र पॉलिसी परत आपल्या नावे करून घ्यायला लोक विसरतात. बँकेच्या बेबाकी दाखल्यासोबत पॉलिसीचं रिअसाइनमेंटही मागून घ्या.

पायरी ७: नाव बदलायची प्रत्यक्ष कृती

हे काम अर्ध्या तासाचं आहे. एलआयसीत फॉर्म ३७५०, खासगी कंपन्यांत त्यांचा स्वतःचा फॉर्म किंवा संकेतस्थळावरची सोय. शुल्क नाममात्र. जुन्या नॉमिनीची सही किंवा परवानगी लागत नाही, त्याला कळवण्याचंही बंधन नाही. मुदतपूर्तीच्या आधी कितीही वेळा बदलता येतं.

शाखेत जाताना मूळ बाँड, तुमचा ओळखपुरावा आणि नॉमिनीच्या आधारची प्रत न्या. सही वीस वर्षांपूर्वीच्या फॉर्मवरच्या सहीशी जुळवतात. सही बदलली असेल तर ते तिथेच सांगा. नोंद झाल्याची लेखी पोच देणं कंपनीवर कायद्याने बंधनकारक आहे. ती मागा, आणि बाँडवर शेरा पडला का ते काउंटरवरच पाहा. ‘दिलंय आत, होईल’ यावर घरी येऊ नका. महिन्याभराने ऑनलाइन खात्यात नवं नाव दिसतं का, तेही तपासा.

मुलाच्या नावे घेतलेल्या बालविमा पॉलिसीत नॉमिनीचा प्रश्न लगेच येत नाही, कारण नामनिर्देशन स्वतःच्या आयुष्यावरच्या पॉलिसीचंच होतं. पॉलिसी मुलाच्या हाती आली की त्याला नॉमिनी लावायची आठवण करा.

पायरी ८: मृत्युपत्रात एक परिच्छेद

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं बरं. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. विम्याबद्दल असं लिहा: अमुक कंपनीची, अमुक क्रमांकाची पॉलिसी, तिची रक्कम माझ्या पत्नीला पूर्णपणे आणि तिच्या स्वतःच्या मालकीची म्हणून मिळावी. नामनिर्देशनाशी तंतोतंत जुळलं पाहिजे.

‘माझी सर्व स्थावर-जंगम मिळकत माझ्या दोन्ही मुलांना समान’ हे वाक्य गावोगावी मृत्युपत्रांत सर्रास असतं. पॉलिसीवर नॉमिनी पत्नी आणि मृत्युपत्रात हे वाक्य, की झालं. मुलं म्हणणार जंगम मिळकतीत विमाही आला. त्या वाक्याच्या शेवटी ‘वर स्वतंत्रपणे उल्लेख केलेल्या विमा पॉलिसी वगळून’ एवढं जोडा.

आणि तलाठ्याकडे झालेली वारसनोंद इथे कामाची नाही, हे घरच्यांना सांगून ठेवा. ती सातबाऱ्यापुरती. विम्यासाठी वारस दाखला किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र न्यायालयाकडूनच आणावं लागतं.

पायरी ९: नॉमिनीला सांगा

पुष्कळ बायकांना आपण नॉमिनी आहोत हेच माहीत नसतं. बाँड कोणत्या कपाटात, एजंट कोण, शाखा कोणती, हे एका कागदावर लिहून द्या आणि त्याचा फोटो सज्ञान मुलाच्या मोबाइलमध्ये असू द्या. दहा वर्षांहून जास्त काळ कुणी न मागितलेली रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत वर्ग होते. त्यानंतरही २५ वर्षं ती मागता येते. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर नाव, जन्मतारीख टाकून अशी रक्कम शोधायची सोय आहे. गेलेल्या वडिलांच्या नावाने एकदा शोधून पाहा. दावा अडवला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत आणि तिथे फी किंवा वकील लागत नाही.

त्या बाईंच्या खात्यात शेवटी पैसे आले तेव्हा त्या पुन्हा आल्या, स्वतःची पॉलिसी घ्यायला. नॉमिनी मुलगी, अपॉइंटी थोरली बहीण. बहिणीला सोबत घेऊनच आल्या होत्या. मी नाव लिहायला लागलो तर त्यांनी पिशवीतून तोच बोनाफाइड काढून फॉर्मशेजारी ठेवला, आणि मुलीच्या नावातलं एकेक अक्षर बोट ठेवून मला वाचून दाखवलं.